आरोळीच्या आधीचं काम

बेलापूर, ता. श्रीरामपूर

चि. भाचीस,


पुण्यात सगळे आपापल्या घाईत असतात, विद्यापीठ आपलं वाटत नाही, असं तू लिहिलंस. यात स्वतःचा दोष शोधत बसू नकोस. त्या विद्यापीठाची घडणच तशी आहे. १० फेब्रुवारी १९४९ रोजी ते स्थापन झालं, बॅ. जयकर पहिले कुलगुरू झाले, गणेशखिंडीत चारशे अकरा एकरांचं आवार उभं राहिलं. पण त्याचे बहुसंख्य विद्यार्थी त्या आवारात कधी नसतातच. ते पुणे, नाशिक आणि आपल्या नगर जिल्ह्यातल्या कॉलेजांत विखुरलेले असतात. श्रीरामपूरला पदवी घेतलीस तेव्हाही तू याच विद्यापीठाची होतीस, तरी त्याचा संबंध परीक्षेचा अर्ज आणि गुणपत्रिका यापलीकडे आला नाही. आवारातल्या विभागांत एम.ए., एम.एस्सी.ला येणाऱ्या मुलांचा मुक्काम दोन वर्षांचा. पुण्यातली मुलं तास संपला की घरी जातात, बाहेरची कॉट बेसिसवरच्या खोलीत किंवा अभ्यासिकेत. पहिलं सत्र ओळखीत जातं, शेवटचं प्रोजेक्ट आणि नोकरीच्या शोधात. अशा ठिकाणी आपलेपणा आपसूक येईल म्हणून थांबलीस, तर पदवी हातात पडेल आणि विद्यापीठ परकंच राहील.

आपलेपणा येतो तो चारजणांबरोबर अंगमेहनतीचं काम केल्यावर. पुण्यातच याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडकाची आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ ही आरोळी उठते, तेव्हा बाहेरच्याला वाटतं, कॉलेजचा अभिमान म्हणतात तो हाच. पण ती आरोळी देणाऱ्या पोरांनी त्याआधी कित्येक संध्याकाळी तालमीच्या खोलीत काढलेल्या असतात. लेव्हल नेमकी कुठे ठेवायची त्याची खूण खडूने करणं, विंगेत प्रॉपर्टी हाताला लागेल अशी मांडणं, अंधार होताच आवाज न करता सेट उचलणं, ही कामं प्रेक्षकाला दिसत नाहीत. रंगमंचावर दोन-चारजण झळकतात, त्यांच्यामागे त्याहून कितीतरी जास्त राबतात, आणि आरोळीत सर्वांत मोठा घसा बॅकस्टेजवाल्यांचाच असतो. नुसत्या आरोळीची किंमत किती, तेही या स्पर्धेनेच दाखवलं. २०२२ साली परीक्षकांनी एकाही एकांकिकेला करंडकाच्या योग्यतेचं मानलं नाही. निकालावर पुष्कळ वाद झाला; मला तो निर्णय धाडसाचा वाटतो. उत्साहाला कामाचा कस लावलाच पाहिजे.

हे तुला नवीन नाही. सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात गावोगावच्या भाकरी येतात आणि कढयांतली आमटी बादल्यांनी पंगतीत फिरते. त्या सप्ताहाला ‘आमचा’ म्हणण्याचा हक्क भाकरी थापणारीला आणि वाढप्याला वाटतो, तितका नुसतं जेवून उठणाऱ्याला वाटत नाही. विद्यापीठातही तू वाढप्यांत जा.

यावर तू म्हणशील, मामा, मी शिकायला आले आहे, आणि घरच्यांनी पैसे त्यासाठीच दिलेत. आक्षेप खरा आहे. स्पर्धा परीक्षांच्या नादात वर्षं घालवणारी मुलं पुण्यात दिसतात, तशी कट्ट्यावर वर्षं घालवणारीही दिसतात. पण काम आणि कट्टा एक नव्हे. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे दोघेही बी. जे. मेडिकलचे विद्यार्थी, नाटक त्यांनी तिथे शिकतानाच धरलं. डिसेंबर १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं ते पटेलांच्या दिग्दर्शनाखाली, नाना फडणविसांच्या भूमिकेत आगाशे. तरी आगाशे मनोविकारतज्ज्ञ झाले, आणि पटेलांनी दौंडला, आपल्या बेलापूर स्टेशनाहून गाडी जाते त्याच दौंडला, मुलांचा डॉक्टर म्हणून दवाखाना चालवला. असामान्य माणसांचा दाखला सगळ्यांना लागू होत नाही, हे मान्य. म्हणून मी तुला दहा ठिकाणी नाव घाल म्हणत नाही. एकच काम धर: विभागाचं भित्तिपत्रक, परिसंवादाची व्यवस्था, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर, काहीही. पैशाची ओढ असेल तर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची ‘कमवा व शिका’ योजना आहेच. तिच्यात काम करण्यात कमीपणा मानणारी मुलं भेटतील. त्यांच्याकडे दुर्लक्ष कर, कारण तिथे रोजच्या कामात जी सोबत मिळते ती स्नेहसंमेलनात एक दिवस नटून मिळत नाही.

दुसरा आक्षेप भाषेचा. आपल्या बोलण्याला हसतात म्हणून नगरकडच्या मुलींतच राहते, असं तू लिहिलंस. पहिल्या महिन्यात गाववाल्यांचाच आधार असतो, तो सोडू नकोस. पण दोन वर्षं त्याच चौघींत काढलीस तर पुण्यात राहूनही तू श्रीरामपूरलाच राहिलीस असं होईल. हसणाऱ्यांचं तोंड वाद घालून बंद होत नाही. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री खुर्च्या, माइक आणि पाहुण्यांची गाडी हे सगळं जिने वेळेवर लावलं, तिच्या बोलण्याला दुसऱ्या दिवशी कुणी हसत नाही.

राहिला उशिरा परतण्याचा प्रश्न. तो मला सर्वांत गंभीर वाटतो. मुलग्यांना रात्री उशिरापर्यंत सहज थांबता येतं, मुलींना वसतिगृहाच्या फाटकाच्या वेळेमुळे थांबता येत नाही, आणि मग कामं मुलग्यांकडे जातात, नावही त्यांचंच होतं. तू काम घेतानाच सांग की ते अमुक वाजेपर्यंतच चालेल. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंकडून विभागप्रमुखांच्या पत्रावर परवानगी घे. परतताना दोघीतिघी मिळून निघा. हे एकदा मांडलंस तर तुझ्यामागून येणाऱ्या मुलींचीही सोय होईल. तुझ्या वडिलांना काळजी वाटणारच. त्यांच्याशी मी बोलतो, तू फक्त कामाचं नाव आणि परतायची वेळ मला कळव.

तुझा,
मामा