घाम निथळतो, पण अंग निवत नाही

'आम्हाला काय उन्हाचं सांगता? आम्ही मराठवाड्याचे!' हॉट योगाचा विषय निघाला की आमच्या छत्रपती संभाजीनगरात हे वाक्य ठरलेलं. गेल्या हिवाळ्यात शहरातल्या एका वर्गात मी नाव घातलं, तेव्हा सोबतच्या बायकाही हेच म्हणत होत्या. याच समजुतीपायी माणूस बेसावध राहतो, म्हणून आधी तिच्याबद्दलच सांगते.

आपला उन्हाळा कोरडा. पारा चाळिशी ओलांडतो, पण घाम आला की लगेच वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. देशी कूलर चालतो तो याच तत्त्वावर. म्हणून तो इथे गारवा देतो आणि मुंबईत नुसता दमटपणा वाढवतो. इथेसुद्धा खिडकी लावून घेतली, तर थोड्याच वेळात खोलीत चिकचिक होते. हॉट योगाची खोली मुद्दाम तशी ठेवलेली असते. मूळच्या कोलकात्याच्या बिक्रम चौधरी यांनी अमेरिकेत जो प्रकार गाजवला, त्यात 26 आसनं आणि दोन श्वसनप्रकार, वेळ 90 मिनिटं, तापमान साधारण 40 अंश आणि आर्द्रता 40 टक्के. त्यात वीसपंचवीस माणसांचे श्वास मिसळले की घाम वाळत नाही, नुसता टपटप गळतो. गळून गेलेला घाम अंग थंड करत नाही. उन्हात हिंडायची आपली सवय इथे फारशी कामाला येत नाही.

मी घरी बरीच वर्षं आसनं करते. पहिल्या वर्गात उभ्याची आसनं नीट पार पडली. शेवटाकडे उष्ट्रासन आलं. मान मागे टाकून परत वर येताना कानात गुंई आवाज सुरू झाला, दंडावर काटा आला आणि समोरची खिडकी पिवळी दिसायला लागली. बाहेर जाते म्हणाले, तर उत्तर आलं, 'दार उघडलं की उष्णता जाते, इथेच बसा.' दाराजवळच्या एका ताईंनी कुणाला न विचारता दार उघडलं आणि मला हाताला धरून जिन्यात बसवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. एवढ्या उष्णतेत अंगावर काटा येणं हे चांगलं लक्षण नव्हे. त्या क्षणी थांबायचंच.

म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: खोलीत तापमापक आहे का? बाहेरची हवा आत येते का? मध्येच उठून जाता येतं का? रक्तदाब, मधुमेह, चालू औषधं यांची चौकशी शिक्षक स्वतःहून करतात का? ही चौकशी आपणच करायची, कारण 2015 मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने बिक्रम यांच्या आसनक्रमाला कॉपीराइट लागू होत नाही असा निकाल दिला. तो क्रम कुणीही शिकवावा आणि खोली ज्याने त्याने आपल्या मताने तापवावी, अशी स्थिती आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं, तर सरळ परत फिरा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात, तापात किंवा जुलाब झाले असताना जाऊच नका. चतुर्थी-एकादशीचा कडक उपास असेल, तर त्या दिवशीही नको.

पाणी आदल्या दिवसापासूनच थोडं थोडं पीत राहा. दारात उभं राहून लिटरभर ढोसलं की पोटात डुचमळतं, आणि नुसतं पाणी फार झालं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही धोक्याचं. जेवण आणि वर्ग यांत दोन-तीन तास ठेवा. अगदीच भूक लागली, तर अर्धं केळं. मॅटवर घाम पडला की पाय सटकतो, म्हणून मॅटभर पसरेल असा सुती पंचा न्या, शिवाय तोंड पुसायला वेगळा रुमाल. ओढणी, सैल पायजमा नको. (पंचा रोज धुवावा लागतो. आपल्याकडे नळाला कितीकिती दिवसांनी पाणी येतं, तेव्हा दोन-तीन पंचे हाताशी असलेले बरे.)

पहिल्या दिवशी जागा दाराजवळची धरा. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर निम्मी आसनं करून बाकीचा वेळ बसून राहिलात तरी काही बिघडत नाही. तापलेले स्नायू सैल वाटतात आणि रोज न पोचणारा हात पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो. तिथे मोह आवरा, कारण गुडघ्याचे आणि कंबरेचे अस्थिबंध ताणले गेले की महिनोन्महिने भोगावं लागतं. 'घामातून विषं निघतात' हे ऐकून जोर लावू नका. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ, शरीरातला कचरा काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडांचं. वर्गानंतर काट्यावर कमी झालेलं वजनही पाण्याचंच. आणि उष्णतेवाचून योग अडत नाही: लोणावळ्याचं 1924 चं कैवल्यधाम असो की पुण्याची अय्यंगारांची संस्था, तापवलेल्या खोलीवाचून तिथे पिढ्या योग शिकल्या.

कुणी असंबद्ध बोलू लागलं, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. सावलीत हलवा, अंगावर पाणी ओता, मान, काखा आणि जांघांवर ओले फडके ठेवून वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

वर्ग संपल्यावर लगेच स्कूटीला किल्ली लावू नका. जरा वेळ बसा, जिरं-मीठ घातलेलं ताक प्या. किंवा लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट घ्या. आणि एप्रिल-मे दोन महिने हा वर्ग बंदच ठेवा. दिवसभराच्या उन्हाने आधीच शिणलेल्या अंगाला आणखी तापवायचं कारण नाही. पहाटे साडेपाचला गच्चीवर सतरंजी टाकून तीच आसनं करा.