भूक मंदावली असतां



पुण्याच्या बुधवार पेठेंतून शाळेस येणाऱ्या मुलास खाद्यपदार्थांची वाण पडेल, असें कोणी म्हणणार नाहीं. ज्या गणपतीमुळें ही पेठ दूरदूरच्या लोकांस ठाऊक झाली आहे, त्यास नांवच मुळीं एका हलवायाचें मिळालें आहे. दगडूशेठ हे मिठाईचे व्यापारी होते. तेथून चार पावलें टाकलीं कीं तुळशीबाग लागते, आणि पलीकडे शुक्रवार पेठेंत १८८६ सालीं उघडलेली मंडई. इतकी समृद्धि दाराशीं असतांही आमच्या वर्गांत दर वर्षीं कांहीं मुलें अशीं दिसतात, कीं त्यांचा सदरा अंगावर नसून खुंटीवर टांगलेला आहे असें वाटावें. त्यांचा डबा मधल्या सुट्टीनंतर अर्धा भरलेलाच परत जातो. विचारलें असतां उत्तर ठरलेलें : "भूकच लागत नाहीं."

असें उत्तर ऐकून आईबापांचा जीव खालींवर होतो. कोणी शक्तिवर्धक बाटली आणतो, कोणी शपथा घालून घांस भरवितो, कोणी शेजारच्या गुटगुटीत मुलाचें उदाहरण देऊन लाजवितो. या तिन्ही उपायांनीं भूक वाढल्याचें आम्हीं क्वचितच पाहिलें आहे. म्हणून या विषयाचा थोडा व्यवस्थित विचार करावा, असें आम्ही योजिलें आहे.

प्रथम भूक म्हणजे काय, हें पाहूं. पोट रिकामें झालें म्हणजे भूक लागते, अशी सामान्य समजूत आहे; परंतु शरीराची योजना याहून सूक्ष्म आहे. जठराच्या अस्तरांतून एक द्रव्य रक्तांत मिसळतें आणि मेंदूच्या तळाशीं असलेल्या हायपोथॅलॅमस नांवाच्या भागास 'आतां अन्न हवें' असा निरोप पोंचवितें. जपानी शास्त्रज्ञांनीं १९९९ सालीं हें द्रव्य शोधून काढलें व त्यास घ्रेलिन असें नांव दिलें. त्यापूर्वीं १९९४ सालीं लेप्टिन नांवाचें दुसरें द्रव्य सांपडलें होतें. तें शरीरांतील चरबीकडून येतें आणि 'सांठा पुरेसा आहे' असें मेंदूस कळवितें. विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं घ्रेलिनचें प्रमाण आपल्या नेहमींच्या जेवणाच्या वेळेच्या सुमारास वाढतें. म्हणजे भूक ही बऱ्याच अंशीं संवयीची दासी आहे. जो रोज बारा वाजतां जेवतो, त्याचें जठर बाराच्या सुमारास हांक मारतें. पण जो आज दहा वाजतां, उद्यां दोन वाजतां आणि परवां मुळींच जेवत नाहीं, त्याच्या जठरानें निरोप पाठवावा तरी केव्हां?

दुसरी गोष्ट पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञानें शिकविली. पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल त्यांस १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. अन्न पोटांत पडण्यापूर्वींच, केवळ त्याच्या दर्शनानें व वासानें, पाचक रस सुटूं लागतात, हें त्यांनीं कुत्र्यांवरील प्रयोगांनीं दाखवून दिलें. लसणाची फोडणी चुरचुरली कीं अभ्यास करणारा मुलगा स्वयंपाकघरांत डोकावतो, हा अनुभव आपल्याकडील प्रत्येक आईस आहेच. परंतु जो मुलगा मोबाईलच्या पडद्यावर दृष्टि खिळवून घांस गिळतो, त्यास ताट दिसत नाहीं आणि वासाकडेही त्याचें लक्ष जात नाहीं. अन्नाचें स्वागत करण्यास शरीर सिद्ध होण्याआधींच तें पोटांत ढकललें जातें, आणि चार घांसांतच तो 'पुरे' म्हणतो.

आतां याच शहरांतील एक उदाहरण घेऊं. १८७३ सालीं बाळ गंगाधर टिळक डेक्कन कॉलेजांत शिकूं लागले, तेव्हां त्यांची प्रकृति अशक्त होती. बुद्धि तीव्र, पण देह तिला साथ देईना. आपल्या हातून मोठें कार्य व्हावयाचें तर शरीर टिकलें पाहिजे, हें ओळखून त्यांनीं पहिलें वर्ष शरीर कमावण्यास दिलें. तालमींतील मेहनत आणि पोहणें यांचा त्यांनीं नेम धरला. त्या वर्षीं परीक्षेंत अपयश पदरीं आलें, तेंही त्यांनीं सोसलें. पुढें १८७६ सालीं ते बी. ए. झाले, आणि १८८० च्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या बरोबर त्यांनीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें, तें याच बुधवार पेठेंत, मोरोबादादा फडणिसांच्या वाड्यांत. कॉलेजांत कमावलेल्या त्या देहानेंच पुढें मंडालेच्या तुरुंगांतील १९०८ पासूनचीं सहा वर्षें सोसलीं.

परीक्षेंत नापास व्हावें, असा या गोष्टीचा अर्थ कोणीं घेऊं नये. तिच्यांतील क्रम तेवढा घ्यावा. आधीं श्रम, श्रमामागून भूक, भुकेमागून अन्न आणि अन्नामागून अंग, अशी ती वाट आहे. आपण ती उलट्या टोंकानें चालूं पाहतों. अंगास काम न देतां पोटांत अन्न कोंबतों आणि वजन वाढत नाहीं म्हणून खिन्न होतों. जोराच्या मेहनतीनंतर घटकाभर भूक मरते, हें खरें. पण रोजच्या व्यायामानें कांहीं दिवसांत शरीराची मागणी वाढते, आणि खाल्लेल्या अन्नाचा बराच भाग स्नायूंच्या कामीं लागतो. व्यायामावांचून वाढलेलें वजन बहुधा पोटावरच बसतें.

भूक मंदावण्याचीं साधीं कारणें आमच्या पाहण्यांत येतात, तीं अशीं : उठल्याबरोबर चहा व बिस्किटें, मधल्या वेळीं फरसाण व गोड पेयें, रात्रीं उशीरापर्यंतचें जागरण, बद्धकोष्ठ, दुखरा दांत, परीक्षेची धास्ती, आणि घरांतील कलह. शेवटचें कारण हलकें मानूं नये. ज्या ताटाभोंवतीं रोज वाद होतो, त्या ताटाची मुलास भीति वाटूं लागते.

यावर करावयाचे उपाय पुढीलप्रमाणें आहेत.

पहिला उपाय वेळेचा. जेवणाच्या वेळा ठरवाव्या आणि निदान तीन आठवडे त्या मोडूं नयेत. भूक नसली तरी पानावर बसावें व चार घांस खावे; पण जबरदस्ती नको.

दुसरा उपाय चहाचा. जेवणापूर्वीं तासभर आणि जेवणानंतर तासभर चहा घेऊं नये. तो भूक तर मारतोच, शिवाय अन्नांतील लोहही शरीरास नीट मिळूं देत नाहीं. जेवणास बसण्यापूर्वीं पेलाभर पाणी पिऊन पोट फुगवूं नये.

तिसरा उपाय थोडें पण वारंवार खाण्याचा. ज्यास दोन भाकरी जात नाहींत, त्यानें एक भाकरी दोन वेळां खावी. दोन मोठ्या जेवणांऐवजीं लहान लहान पांच वेळां खाल्लें तर जठरावर ओझें पडत नाहीं.

चौथा उपाय अन्न वाढविण्याऐवजीं त्याचा कस वाढविण्याचा. त्याच भाकरीवर तूप, त्याच भाजींत दाण्याचें कूट, त्याच भातावर घट्ट वरण, आणि ताकाऐवजीं कांहीं दिवस दहीं. ज्यांस चालतें त्यांनीं अंडें घ्यावें. जेवणापूर्वीं आल्याचा बारीक तुकडा मीठ व लिंबू लावून खाण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. तोंडास चव येण्यास ती चांगली. मात्र तिच्यावरच सर्व भार टाकूं नये.

पांचवा उपाय मेहनत आणि झोप यांचा. सूर्यनमस्कार, जोर, बैठका, पोहणें, मैदानावरील खेळ, यांपैकीं आवडेल तें रोज अर्धा ते एक तास करावें. आठ ते दहा तास झोप घ्यावी. वाढत्या वयांत शरीर झोपेंतही बांधलें जातें.

सहावा उपाय संगतीचा. एकट्यानें जेवूं नये. मित्रांच्या पंगतीस बसलेला मुलगा घरच्यापेक्षां एक पोळी अधिक खातो, हें आम्हीं सहलीच्या दिवशीं दर वर्षीं पाहतों.

आतां थोडें गणित करूं. एक किलो वजन वाढण्यास सुमारें ७,७०० उष्मांक अधिक लागतात, असा ढोबळ हिशेब आहे. महिन्यास अर्धा किलो वाढवावयाचें तर ३,८५० उष्मांक हवेत, म्हणजे दिवसास सुमारें १३० झाले. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपांचशेंहून अधिक उष्मांक आणि सुमारें २५ ग्रॅम प्रथिनें असतात. तेव्हां नेहमींचें जेवण न घटवितां रोज पंचवीस ग्रॅम शेंगदाणे, म्हणजे साधारण एक मूठ, अधिक खाल्ले तरी हा हिशेब पुरा होतो. त्यावर गुळाचा खडा आणि एक केळें घेतलें तर दुप्पट वेगानें चालतां येईल. ज्याची उंचीही वाढत आहे, त्यास याहून कांहीं अधिक लागेल. मंडईंतील सर्वांत स्वस्त वस्तूंनीं जें साधतें, त्यासाठीं हजारों रुपयांचे डबे कशाला? वजन मात्र रोज करूं नये; पंधरा दिवसांनीं, त्याच कांट्यावर, त्याच वेळीं करावें.

डब्यांविषयीं आणखी एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. 'महिन्यांत दहा किलो' असें वचन देणाऱ्या कित्येक पुड्यांत व गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेलें आढळलें आहे. त्यानें चेहरा सुजतो, अंगांत पाणी सांठतें, आणि आरशापुढें उभें राहणारास आपण भरलों असें वाटतें. पण आंतून हाडें ठिसूळ होत असतात, आणि गोळ्या एकाएकीं थांबविल्या तर जीवासही धोका पोंचतो. भूक वाढविणारीं म्हणून सायप्रोहेप्टाडीनसारखीं जीं औषधें दिलीं जातात, त्यांनीं गुंगी येते. तीं डॉक्टरांवांचून कोणीं घेऊं नयेत.

येथवर सांगितलें तें निरोगी मुलांविषयीं. परंतु भूक जाणें हें पुष्कळदां रोगाचें पहिलें पत्र असतें. याबाबतींत आमच्या हातून घडलेली एक चूक येथें कबूल केली पाहिजे. वसतिगृहांतील एक विद्यार्थी कांहीं दिवस ताटांत अन्न टाकूं लागला. आम्हीं त्यास चोखंदळ ठरविलें. अन्नाचा अपमान करूं नये, यावर सर्वांसमक्ष त्याला व्याख्यान दिलें, आणि ताट स्वच्छ होईपर्यंत उठूं दिलें नाहीं. तो मान खालीं घालून गिळीत असे. पुढें खोकला हटेना आणि संध्याकाळीं अंग तापूं लागलें, तेव्हां तपासणी झाली, क्षय निघाला. सहा महिन्यांच्या औषधांनीं तो पूर्ण बरा झाला. आपण बरे होत आहों, हें त्यानें आम्हांस शब्दांनीं कळविलें नाहीं. एके दिवशीं त्यानें वाढप्याकडे दुसरी भाकरी मागितली. त्या दिवशीं आम्हांस आमच्या व्याख्यानाची जितकी लाज वाटली, तितकी कधींच वाटली नव्हती.

म्हणून दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ताप, रात्रीं घाम, आणि घटत जाणारें वजन, अशीं लक्षणें दिसतांच उपायांची यादी बाजूस ठेवून डॉक्टरांकडे जावें. खूप खाऊन, खूप पाणी पिऊनही वजन उतरूं लागलें तर मधुमेहाची शंका घ्यावी. जंतांमुळें व रक्त कमी असल्यामुळेंही भूक जाते, आणि या दोहोंवर सोपे उपाय आहेत. मन उदास झाल्यामुळें, अथवा लठ्ठ होण्याच्या भीतीनें जो अन्नाकडे पाठ फिरवितो, त्यासही रागाची नव्हे तर उपचाराची गरज असते. क्षयाची तपासणी व औषधें सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत विनामूल्य मिळतात. रोग्याच्या आहारासाठीं सरकारनें २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देण्यास आरंभ केला, आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून ती रक्कम १,००० केली. वजन वाढणें म्हणजे केवळ शोभेची गोष्ट नव्हे, हें झारखंडांत झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानें दाखविलें. क्षयरोग्यांच्या घरांतील माणसांस कसदार शिधा दिला असतां, त्यांच्यांत नव्यानें क्षय जडण्याचें प्रमाण सुमारें ३९ टक्क्यांनीं घटलें. आणि ज्या रोग्यांचें वजन पहिल्या दोन महिन्यांत पांच टक्के वाढलें, त्यांचा मृत्यूचा धोका पुष्कळच कमी झाला.

मुलींविषयीं दोन शब्द निराळे लिहिणें अवश्य आहे. १८४८ सालीं बुधवार पेठेंतच, भिड्यांच्या वाड्यांत, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींसाठीं शाळा उघडली. पाटी मुलींच्या हातीं आली. पण कितीएक घरांत ताट मात्र अद्याप सर्वांच्या शेवटीं त्यांच्यापुढें येतें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं निम्म्याहून अधिक मुलींस रक्तक्षय असल्याचें आढळलें. रक्तक्षयानें भूक मरते, आणि भूक मेल्यानें रक्तक्षय वाढतो. 'तिला फारसें लागतच नाहीं' असें जेथें म्हटलें जातें, तेथें एकवार तिचें रक्त तपासून पाहावें, आणि सर्वांनीं एकाच वेळीं पानावर बसावें.

शेवटीं एक गोष्ट विसरूं नये. कांहीं मुलांची अंगकाठीच सडपातळ असते. तीं खेळतात, धांवतात, त्यांची उंची वाढते, तीं आजारी पडत नाहींत. अशांस वजनाची चिंता लावून देणें म्हणजे नसता रोग लावून देणें होय. आणि ज्यांच्या घरीं भूक आहे पण भाकरी पुरेशी नाहीं, अशीं मुलेंही आपल्याच बाकांवर बसतात. त्यांच्यापुढें आपला अर्धा डबा टाकून देऊं नये, त्यांस आपल्या शेजारीं बसवून तो वांटून घ्यावा. सकाळच्या प्रार्थनेंत आपण रोजची भाकर मागतों, ती सर्वांसाठीं मागतों. तिच्याबरोबर ती खाण्याजोगी भूकही मागावी. आणि मागून झाल्यावर घंटा होतांच मैदानावर धांवावें.