निकालाआधीच भोगलेली शिक्षा

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी खटले चालवते. विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवर असल्यामुळे कारागृहातल्या बंद्यांना भेटायला जाणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. कलमं मी कॉलेजात शिकले. खाली लिहिलंय ते बराकीत, मुलाखतीच्या जाळीपाशी आणि कोर्टाच्या आवारात शिकले.

१. तुरुंगातली बहुतेक माणसं शिक्षा भोगायला आलेलीच नसतात.

२०२२च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या कारागृहांची क्षमता सुमारे २५ हजार होती आणि आत माणसं ४१ हजारांच्या घरात होती. त्यातले दर पाचांपैकी चार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकाल लागायचाय असे. ‘आत गेला म्हणजे काहीतरी केलंच असणार’ असं आपण सहज बोलून जातो. हे वाक्य मी आता कुणाच्याही तोंडून मुकाट्याने ऐकून घेत नाही.

२. जामीन मिळाला म्हणजे माणूस सुटला असं नाही.

बीडकडचा एक ऊसतोड मजूर, मोबाईल चोरीचा गुन्हा. कोर्टाने पंधरा हजारांचा जामीन मंजूर केला, जामीनदार मात्र स्थानिक हवा. बाप गावाहून आला. पिशवीत रेशनकार्ड होतं, पण सातबारा नव्हता. जमीनच नाही तर सातबारा कुठला? हंगामापुरती पालं ठोकून राहणाऱ्याला त्या तालुक्यात ओळखणार कोण? आवारात पैसे घेऊन जामीन राहणारे घुटमळत असतात, त्यांचा भाव ऐकून म्हातारा खालीच बसला. पोरगा जामीन मंजूर होऊनही कित्येक आठवडे आतच होता.

यात नवीन काही नाही. १९७८ साली मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या एका गरीब गवंड्यापुढे हीच अडचण होती: दहा हजारांचा जामीन, आणि जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नामंजूर. सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी ते चुकीचं ठरवलं. तरी ‘लोकल शुअरिटी’ हे शब्द मला अजून ऐकावे लागतात.

म्हणून जामिनाच्या हुकमानंतर मी तारीख लिहून ठेवते. २०२३च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की हुकूम होऊन सात दिवसांत बंदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीन भरला गेला नाही तर अट सैल करायची का, हे कोर्ट स्वतःहून पाहू शकतं. त्याच वर्षी केंद्राची गरीब बंद्यांसाठीची योजना आली. तेव्हा तिच्यात कच्च्या कैद्याला जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि पक्क्याला दंड भरण्यासाठी २५ हजारांपर्यंत मदतीची तरतूद होती. ही योजना बंद्याला बराकीत जाऊन, त्याच्या भाषेत सांगावी लागते. भिंतीवर कागद चिकटवून भागत नाही.

३. तारखेला माणूस कोर्टात पोहोचतोच असं नाही.

बंदोबस्त असला, सण असला, निवडणूक असली की पोलीस गार्ड मिळत नाही. मग व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर चेहरा दिसतो आणि पुढची तारीख पडते. पडद्यावरून माणूस वकिलाच्या कानात काही सांगू शकत नाही. साक्षीपुराव्याच्या दिवशी तरी बंद्याला प्रत्यक्ष आणावं असा अर्ज मी देते, आणि तो मान्य होईपर्यंत मागे लागते.

४. ‘मॅडम, कबूल करून टाकतो’ हे ऐकलं की थांबायचं.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो इथे. किरकोळ चोरीतला माणूस आठ-दहा महिने आत काढतो. कुणीतरी बराकीत सांगतं, गुन्हा कबूल कर, जेवढं भोगलंस तेवढीच शिक्षा देतील, संध्याकाळी घरी जाशील. ते खरंही असतं. कच्चा असताना काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, त्यामुळे निकालाच्या दिवशीच फाटक उघडतं. ज्याने काही केलेलं नाही, तोही मग ‘हो’ म्हणतो. आई आजारी असते, बायको दोन लेकरं घेऊन माहेरी गेलेली असते. अशा माणसाला खटला लढ म्हणून सांगायला तोंड होत नाही. पण पुढचं त्याला कळलंच पाहिजे. तो आता शिक्षा झालेला ठरला. पुढच्या वेळी पोलिसांच्या यादीत त्याचं नाव आधी येणार, आणि पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्याला मिळणारी सवलत गेली.

ही सवलत मोठी आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९प्रमाणे, आधी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं असतं. इतरांसाठी निम्मा काळ. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळलेत. अर्ज अधीक्षकांनीच कोर्टाकडे करायचा आहे, आणि जुन्या खटल्यांनाही हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्याच ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं. म्हणजे हिशेब वर्षाचा. कबुली देण्याआधी हा हिशेब मांडून दाखवणं वकिलाचं कर्तव्य आहे. शिवाय १९५८चा परिवीक्षा कायदा आहे, त्यात चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येतं. तो आपण मागतच नाही, हे मला फार खटकतं.

५. कायद्याची सवलतही सगळ्यांपर्यंत पोचत नाही.

एकापेक्षा जास्त खटले चालू असतील तर कलम ४७९ उपयोगी पडत नाही. पारधी समाजातल्या माणसाला विचारा, गावात चोरी झाली की पहिल्यांदा कुणाच्या पालावर जीप येते. एकावर चार गुन्हे लागायला वेळ लागत नाही. १८७१च्या कायद्याने अशा अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का १९५२ साली कागदावर पुसला गेला. ऑक्टोबर २०२४मध्ये तुरुंगातल्या जातीभेदाविरुद्ध निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला या जमातींचा वेगळा उल्लेख करावा लागला, यावरून काय ते समजावं.

६. पक्क्या कैद्याला दिवस मोजता येतात, कच्च्याला नाही.

शिक्षा झालेल्याला काम मिळतं, त्याची मजुरी मिळते, माफीचे दिवस जमा होतात, संचित रजा आणि अभिवचन रजा मिळते. नीट वागला तर खुल्या कारागृहात जाता येतं. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला औंध संस्थानाने १९३९ सालीच खुनाच्या कैद्यांना शेती देऊन कुटुंबासह राहू दिलं. कायद्याने निर्दोष मानलेल्या कच्च्या कैद्याला मात्र यातलं फारसं काही नाही. तो फक्त तारखेची वाट बघतो. माझ्या मते आपल्या व्यवस्थेतला हा सर्वांत मोठा अन्याय आहे.

७. घरच्यांना आधी भेटा.

पहिल्या अटकेत घरातलं किडूकमिडूक विकून लोक खासगी वकील लावतात आणि दोन तारखांनंतर पैसे संपतात. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

तुमच्या वस्तीतलं, कारखान्यावरचं, घरी कामाला येणाऱ्या बाईच्या घरचं कुणी आत असेल तर त्याच्या घरच्यांना जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात घेऊन जा. अटकेची तारीख, गुन्हा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव एवढं जवळ असू द्या. जाणं जमत नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करा.