शिंगरू घेताना छातीला मोबाईल

घोडा घेताना आपल्याकडे भोवरे पाहतात, दात पाहून वय ठरवतात, खूर उचलून पाहतात. छातीला कान मात्र क्वचितच कोणी लावतो. डोळखांब, शहापूर, मुरबाड या पट्ट्यात गुरांचा बाजार म्हटला की म्हशाची जत्रा. पण घोड्यासाठी दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातले सारंगखेडेच गाठावे लागते. तेथून वरातीसाठी कोवळे जनावर आणणाऱ्याची सारी पुंजी त्या एका सौद्यात अडकते. पुढे लहानग्याला पाठीवर घेऊन ते भर मिरवणुकीत कोसळले तर नुसते पैशाचे नुकसान होत नाही.

मोबाईलवर हृदयाचा आलेख काढणारी बोटभर पट्टी अमेरिकेत २०१२ साली माणसांसाठी मान्य झाली. पशुवैद्य ती घोड्यांनाही लावू लागले. डाव्या अंगाला, कोपराच्या मागे केस स्पिरिटने ओले करायचे, पट्टी दाबून धरायची आणि अर्धा मिनिट जनावर स्वस्थ उभे ठेवायचे. माशी बसून कातडी थरथरली तरी रेषा बिघडते.

फसगत होते ती पुढे. हे यंत्र माणसाच्या मापाने बोलते. मोठ्या घोड्याचे हृदय विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ ठोके देते, माणसाचे ६० ते १००. त्यामुळे धडधाकट घोड्यालाही यंत्र 'मंद' असा शेरा मारू शकते. कधी एकाच ठोक्याच्या दोन लाटा वेगळ्या मोजून आकडा दुप्पट सांगते. नवजात शिंगराचे ठोके तर ८० च्या वर असतात आणि वाढत्या वयाबरोबर उतरतात. म्हणून आमचे सांगणे असे की, पडद्यावरचा शेरा वाचूच नये. रेषा पशुवैद्याला पाठवावी.

दुसरी गोष्ट भावाची. उभ्या घोड्याचा एखादा ठोका ठराविक अंतराने गळतो आणि दुडकी चालवताच भरून निघतो. ही बहुधा खोड नसते. एवढ्यावरून कोणी तुमच्या घोड्याचा भाव पाडू लागला तर ऐकू नका. मात्र ठोक्यांत काहीच ताळमेळ नसेल तर हृदयाच्या वरच्या कप्प्यांची थरथर असू शकते. असा घोडा ठाणावर ठणठणीत दिसतो, ओझ्याखाली दमतो. औषधाने पुष्कळदा सुधारतोही, पण तो खर्च किमतीत धरायला हवा.

शिंगराच्या जन्मजात दोषांत हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधले छिद्र अधिक आढळते. त्याची सरसर स्टेथोस्कोपला ऐकू येते. मोबाईलची रेषा मात्र सरळ राहू शकते. तेव्हा शिंगराच्या बाबतीत आधी नळी, मग मोबाईल. संशय आला तर सोनोग्राफी.

इसार देताना 'पशुवैद्याने छाती व आलेख पाहिल्यावर सौदा पक्का' एवढे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. घोडा काही लोकलने परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेता येत नाही. आलेख आसनगाव स्थानकावरूनही ओळखीच्या पशुवैद्याला धाडता येतो. एक उभ्याने काढलेला, एक दुडकीनंतर थांबताच काढलेला, असे दोन धाडावेत आणि सोबत जनावराचे वय कळवावे.