माहूरचा मुक्काम

श्रीदत्तात्रेयांची दिनचर्या अशी सांगतात, की ते प्रातःस्नानास काशीस जातात, भिक्षेस कोल्हापुरी जातात आणि निद्रेसाठी माहूरगडी येतात. ज्या क्षेत्राची ख्यातीच मुळी रात्रीच्या विश्रांतीसाठी आहे, त्या क्षेत्रातून आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील मंडळी मात्र सूर्यास्तापूर्वी परतीची गाडी गाठतो. सकाळी आर्णीच्या रस्त्याने निघावे, धनोड्याजवळ पैनगंगेचा पूल ओलांडावा, रेणुकामातेचे व दत्तप्रभूंचे दर्शन घ्यावे आणि तांबुलाची पुडी घेऊन दिवेलागणीला घरी पोहोचावे, हा आमच्याकडचा पिढीजात शिरस्ता आहे. त्यात देवदर्शन घडते, परंतु माहूर घडत नाही. तेथे मुक्काम करावाच, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आणि तो कसा करावा याविषयी जे लिहीत आहे, ते काही सुखाच्या आणि एका फार कष्टाच्या रात्रीचा अनुभव पाठीशी असल्यामुळे लिहीत आहे.

माहूर हे केवळ तीन शिखरांवरील तीन देवालयांचे गाव नव्हे. महानुभावांच्या परंपरेत त्याचे नाव मातापूर असे येते आणि चांगदेव राऊळांना व्याघ्ररूपाने दत्तात्रेयांचा अनुग्रह झाला तो याच डोंगरात, अशी त्या पंथाची श्रद्धा आहे. गावातील देवदेवेश्वरीचे स्थान त्या पंथास म्हणूनच इतके पूज्य. बहामनी राज्यात महमूद गावान याने मोठमोठ्या सुभ्यांचे विभाजन केले तेव्हा वऱ्हाडाचे जे दोन भाग झाले, त्यांपैकी एकाचे ठाणे गाविलगड होते आणि दुसऱ्याचे माहूर. पुढे अकबराच्या दप्तरातही वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून माहूरची नोंद झाली. १६६१ साली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची कोंडी केली, त्या मोगली फौजेत असलेली आणि खानाला शरण जाण्याचा शहाणा सल्ला देणारी रायबागन ही याच माहूरच्या उदाराम देशमुखांच्या घराण्यातील स्त्री. एवढे सारे ज्या कसब्याच्या अंगाखांद्यावर घडून गेले, तो कसबा दोन तासांत पाहून होईल अशी अपेक्षा बाळगणे हा त्या कसब्यावर अन्याय आहे.

मुक्कामाची आखणी करणाऱ्याने पहिली गोष्ट ध्यानी घ्यावी ती नदीची. पैनगंगा माहूरला वळसा घालून जाते आणि तीच आमच्या जिल्ह्याची हद्द आहे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या अमलाखाली गेले. नदीच्या पलीकडची बाजू निजामाकडेच राहिली, आणि ‘नदीपल्याड मोगलाई’ असे बोलण्याची आमच्याकडील वृद्धांची सवय त्या काळापासूनची. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट तालुका, आणि त्याबरोबर माहूर, आदिलाबादकडून नांदेड जिल्ह्यात आले. वाटेने आणि सोयरिकीने ते आम्हाला जवळचे, परंतु कारभाराने नांदेडचे. याचा प्रवाशाला व्यवहारात अर्थ असा, की शासकीय विश्रामगृहाची मंजुरी, यात्रेतील वाहतुकीचे हुकूम आणि बंदोबस्ताची व्यवस्था ही सर्व नांदेडच्या कचेऱ्यांतून ठरते व यवतमाळात चौकशी करून त्यांचा थांगपत्ता लागेलच असे नाही. चौकशी माहुरातच करावी, निघण्याच्या आदल्या आठवड्यात करावी, आणि निघण्याच्या दिवशी सकाळी पुन्हा एकवार करावी.

आता त्या कष्टाच्या रात्रीविषयी. आश्विनातील नवरात्राचे दिवस होते. माझ्या आत्याबाईंनी वयाच्या उत्तरार्धात आईच्या दर्शनाची इच्छा धरली होती, त्यांचे गुडघे अधू होते, आणि बरोबर लहान मुलेही होती. तेव्हा संध्याकाळी पोहोचून रात्र गावात काढावी आणि पहाटे, गर्दी चढण्यापूर्वी, त्यांना सावकाश वर न्यावे, असा बेत होता. एका खाजगी लॉजवर मध्यस्थामार्फत खोली ठरविली, बयाणा पोहोचता केला, आणि ‘निश्चिंत या’ असा निरोपही आला. आम्ही पोहोचलो तेव्हा गल्लाजवळच्या इसमाने वही उघडून, बोट ओळीवरून खाली सरकवीत, शांतपणे सांगितले, ‘‘तुमचं नाव इथं नाही, साहेब.’’ मध्यस्थाचा दूरध्वनी लागेना. जी खोली आम्हाला सांगितली होती तिच्या दारात दुसऱ्याच यात्रेकरूंचे कपडे वाळत होते. अधिक दर देणारा भेटला आणि खोली त्याच्या पदरात पडली, हे न सांगताही उमजण्यासारखे होते. आमच्याजवळ पावती नव्हती. तक्रार कोणाविरुद्ध आणि कशाच्या आधारे करावी, हाच प्रश्न.

त्यानंतरचा रात्रीचा पहिला प्रहर आम्ही दारोदार फिरण्यात घालविला. भक्तनिवास भरलेले, मठांची आवारे सतरंज्यांनी व्यापलेली, धर्मशाळेच्या पायऱ्यांवरसुद्धा माणसे अंग टेकलेली. आत्याबाई एका बंद दुकानाच्या फळीवर बसून राहिल्या आणि ‘आता मला कोठे हलवू नका’ एवढेच म्हणाल्या. तेव्हा समोरच्या घरातील एक वृद्ध बाई बाहेर आल्या आणि आम्हालाच रागे भरून म्हणाल्या, ‘‘म्हाताऱ्या माणसाले रस्त्यावर कायले बसवता जी? ओसरी रिकामीच हाय.’’ त्या ओसरीवर आम्हाला पाठ टेकण्यास जागा मिळाली, मुलांना गरम भाकर आणि पिठले मिळाले, आणि सकाळी पैसे देऊ केले तेव्हा बाईंनी ते देवीच्या दानपेटीत टाकण्यास सांगितले. परंतु सर्वांनाच अशी ओसरी मिळत नाही, आणि मिळेल या भरवशावर वृद्ध माणसाला घेऊन घराबाहेर पडणे योग्य नव्हे.

म्हणून निवासाविषयी जे सांगतो ते कृपा करून काटेकोरपणे पाळावे. खोली ठरवायची ती मालकाशी किंवा संस्थानाच्या कार्यालयाशी थेट ठरवावी, मध्यस्थाशी नाही. बयाण्याची पावती घ्यावी आणि तिच्यावर आपले नाव, तारीख, माणसांची संख्या, खोलीचा प्रकार व पूर्ण भाडे ही पाचही कलमे लिहून घ्यावी; केवळ ‘अनामत जमा’ एवढ्या शब्दांच्या पावतीचा पुढे काही उपयोग होत नाही. पैसे मोबाइलवरून पाठविल्यास ते कोणाच्या नावे जमा झाले ते तत्काळ पाहावे आणि त्याच नावाच्या माणसाकडून लेखी होकार मागवावा. विश्रामगृहाची मंजुरी मिळालेली असली तरी शासकीय दौरा निघाला म्हणजे त्याला अग्रक्रम मिळतो, ही गोष्ट विसरू नये. यात्रेच्या दिवसांत अधिकाऱ्यांचाच मुक्काम तेथे असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खोली कोणत्या मजल्यावर आहे, शौचालय भारतीय बैठकीचे की कमोडचे, रात्री पाणी असते की नाही, हे प्रश्न संकोच न करता विचारावेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिसऱ्या मजल्यावरील उत्तम खोलीपेक्षा तळमजल्यावरील साधी खोली शतपटीने हितकर असते.

तिथीचा विचार तर निवासाच्याही आधी झाला पाहिजे. आश्विन नवरात्र, मार्गशीर्ष पौर्णिमेची दत्तजयंती आणि श्रावण पौर्णिमेची परिक्रमा या तीन प्रसंगी माहूरच्या डोंगरावर जो लोकसागर लोटतो, त्यात भक्तीचा आनंद अपूर्व असला तरी वृद्धांसाठी आणि अभ्यासू प्रवाशासाठी ते दिवस नव्हेत. अशा वेळी खाजगी वाहने खाली गावाशीच थांबवितात आणि गडावर जाण्यासाठी एस. टी. च्या गाड्यांवर विसंबावे लागते. म्हणजे ‘आपली मोटार आहे’ या एकाच गोष्टीवर उभारलेला सगळा बेत तेथे कोसळतो. एरवीही मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा या दिवशी देवीकडे, तर गुरुवारी दत्तशिखराकडे ओघ अधिक असतो. दिवाळीची सुटी संपल्यावर, कार्तिकाच्या उत्तरार्धात, सोमवार किंवा बुधवार धरून जावे: हवा कोरडी व सुखद असते, डोंगर अजून हिरवे असतात, आणि गाभाऱ्यापुढे उभे राहून देवीचा तो शेंदरी, विशाल मुखवटा डोळे भरून पाहता येतो, मागून कोणी ‘चला, पुढे सरका’ म्हणत नाही.

चढणीविषयी बेफिकीर राहू नये. रेणुकेच्या मंदिरास दोनशेहून अधिक पायऱ्या आहेत. दत्तशिखर आणि अनसूयेचे शिखर घाटरस्त्याने त्याच्याही पुढे आहेत, आणि अनसूयेकडील चढ अधिक खडा आहे. एका दिवसात तिन्ही शिखरे करण्याचा हव्यास धरल्यास तिसऱ्या शिखरावर पोहोचेपर्यंत वृद्धांची दमछाक होते आणि दर्शनात मन उरत नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळी गावातील देवदेवेश्वरी व मातृतीर्थ, दुसऱ्या दिवशी पहाटे रेणुका आणि उन्हे तापण्यापूर्वी दत्तशिखर, अनसूयामाता ज्यांचे पाय धडधाकट त्यांनी, अशी वाटणी करावी. स्पेनमधील कातालोनिया प्रांतात राहणारा माझा एक आप्त तेथील जिरोना या प्राचीन नगरीविषयी सांगत होता, की तेथेही जुनी वस्ती उंचवट्यावर, पायथ्याशी ओन्यार नदी, महामंदिरापुढे नव्वद पायऱ्या, आणि मे महिन्यातील पुष्पोत्सवात खोली मिळणे दुरापास्त. म्हणून तेथील जाणते लोक सामान नदीकाठच्या सपाटीवर ठेवून जुन्या गावात रिकाम्या हातांनी चढतात. माहूरलाही हाच क्रम धरावा: बोजा खाली, माणूस वर.

आणखी एक दिवस हातात असला म्हणजे माहूर आपले खरे दालन उघडते. रामगड नावाने ओळखला जाणारा किल्ला, त्याची डोंगरमाथ्यावरून फिरत गेलेली तटबंदी आणि हत्ती दरवाजा पाहण्यास सकाळ राखून ठेवावी. सोबत पाणी घ्यावे, गवत वाढलेले असेल तर बूट घालावे आणि स्थानिक माणसास बरोबर घ्यावे. गावाजवळच्या पांडवलेण्यास बहुसंख्य यात्रेकरू वगळतात, याचे मला दरवेळी वाईट वाटते. ती लेणी राष्ट्रकूटकालीन मानली जातात. बाहेरच्या झळीतून आतल्या गारव्यात शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत थांबावे, मग कोरीव काम दिसू लागते. सोनापीर बाबांचा दर्गा आणि पावसाळा सरताना भरून वाहणारा शेख फरीदचा वझरा हेही याच परिसरात आहेत, आणि देवीच्या भक्तांची व पिराच्या भक्तांची वाट येथे वर्षानुवर्षे एकमेकींना छेदत आली आहे.

तांबूल मात्र घाईत घेऊ नये. दुकानातील बाई नागवेलीची पाने देठ खुडून खलात घालतात, त्यावर कात, चुना, सुपारी, बडीशेप, वेलची, लवंग पडते आणि बत्त्याच्या सलग घावांखाली त्या सगळ्याचा गडद, ओलसर गोळा होतो. त्या वासाने अर्धी गल्ली भरून जाते. आपल्यासमोर कुटलेला घ्यावा, भाव आधी विचारावा, आणि घरी न्यायचा असल्यास पानात बांधून घ्यावा, कारण प्लॅस्टिकच्या पिशवीत तो प्रवासात घामेजतो.

पावसाळ्यात जाणाऱ्यांनी नदीचा धाक बाळगावा. वरच्या अंगाला ईसापूरचे धरण आहे आणि त्यातून विसर्ग सुरू झाला, शिवाय खालच्या नाल्यांना पूर आला, म्हणजे काठची गावे व रस्ते पाहता पाहता अडचणीत येतात. जुलै २०२३ मध्ये आमच्या महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पुराने वेढले तेव्हा माणसांच्या सुटकेसाठी हवाई दलाचे साहाय्य मागवावे लागले होते; हा तालुका माहूरच्या वाटेवरचाच आहे. श्रावणातील परिक्रमेस जाणाऱ्यांनी म्हणून हवामानखात्याचा इशारा आणि धरणाच्या विसर्गाची बातमी पाहूनच निघावे, रात्री पाण्याखालच्या पुलावर वाहन घालू नये, रक्तदाबाची व मधुमेहाची औषधे एका दिवसाच्या हिशेबाने न घेता चार दिवसांची घ्यावी, आणि खोली ठरवितानाच मालकास विचारून ठेवावे, की रस्ता बंद झाल्यास तीच खोली त्याच दराने आणखी एक रात्र मिळेल काय. त्याचा होकारही त्या पावतीवर लिहून घ्यावा.