कप्तानाचा कडा

एखादा धडा पहिल्या वाचनात जसा वाटतो तसा तो दहाव्या वाचनात वाटत नाही, हा अनुभव तुम्हां सर्वांस असेल. धडा तोच असतो. वाचणारा मात्र बदललेला असतो. एका प्रचंड खडकाच्या बाबतीतही असेच घडले. त्या खडकाची व त्यावर चढणाऱ्या माणसांची हकीकत या लेखात थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेवाडा ही पर्वतराजी आहे व तिच्या कुशीत योसेमिटी नावाची दरी आहे. या दरीच्या उत्तरेस, पायथ्यापासून सुमारे ३,००० फूट उंचीचा एक कडा भिंतीसारखा उभा आहे. त्याचे नाव एल कॅपिटान. हे नाव स्पॅनिश असून त्याचा अर्थ नायक असा होतो. पोर्तुगीज भाषेतून आमच्या कोंकणीत व मराठीत आलेला ‘कप्तान’ हा शब्द त्याच कुळातील होय.

हा कडा ग्रॅनाइटचा आहे. आपल्या घरांच्या भिंतींचे चिरे ज्या जांभ्या दगडाचे असतात तो सच्छिद्र असतो. खाणीतून निघताना त्यास हत्याराने सहज आकार देता येतो. ग्रॅनाइटचे तसे नाही. पृथ्वीच्या पोटात खोलवर तप्त शिलारस अतिशय सावकाश थंड होतो, त्याचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंततात आणि हा कठीण खडक तयार होतो. एल कॅपिटानचा ग्रॅनाइट सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. पुढे वरचे थर झिजून गेले व हिमनद्यांनी दरी खरवडून काढली. शेजारचे पुष्कळ भेगांचे खडक ढासळले; हा मात्र भेगा थोड्या असल्यामुळे उभा राहिला. चढणाऱ्याची अडचणही नेमकी हीच. बोटे रोवावयाची तर भेग हवी, आणि भेगा तर थोड्या!

या दरीच्या मूळ रहिवाशांमध्ये या कड्याची एक कथा सांगतात. दोन मुले एका खडकावर झोपी गेली आणि त्यांच्या झोपेतच तो खडक वाढत वाढत आकाशास भिडला. त्यांस खाली आणण्यासाठी एकामागून एक प्राण्यांनी उड्या मारून पाहिल्या. अस्वल थकले, सिंह थकला. अखेर पाठीची कमान करून वीतवीत सरकणारी क्षुद्र उंटअळी पुढे आली व तीच माथ्यावर पोहोचली.

कथेतील हा प्रकार १९५७ साली जणू पुन्हा घडू लागला. वॉरन हार्डिंग नावाच्या एका भूमापकाने त्या वर्षीच्या ४ जुलै रोजी आपल्या सोबत्यांसह या कड्याच्या मधोमध पुढे आलेल्या ‘नोज’ म्हणजे नाक नावाच्या धारेवर चढण्यास आरंभ केला. थोडे चढावे, दोर बांधून ठेवावा, खाली उतरावे आणि पुन्हा त्याच दोराने वर जावे, अशी त्यांची रीत होती. खडकाच्या भेगांत ते पोलादी खुंट्या ठोकीत. एका रुंद भेगेत बसतील अशा खुंट्या मिळेनात, तेव्हा उकिरड्यावर पडलेल्या जुन्या स्टोव्हच्या पायांपासून त्या तयार केल्या गेल्या! त्या भेगेस पुढे स्टोव्हचे पाय हेच नाव पडले. जेथे भेगच नव्हती तेथे हाताने छिद्र पाडून बोल्ट बसवावा लागे.

विघ्नेही थोडी आली नाहीत. पहिल्याच वर्षी मार्क पॉवेल या सोबत्याचा घोटा अन्यत्र चढताना मोडला. हा प्रकार पाहण्यासाठी खाली मोटारींची एवढी गर्दी होऊ लागली की, पर्यटकांच्या उन्हाळी हंगामात चढू नये, असा उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी निर्बंध घातला. जुने सोबती गेले, नवे आले. शेवटी हार्डिंग, वेन मेरी व जॉर्ज व्हिटमोर हे तिघे वरच्या पुढे झुकलेल्या भागाखाली पोहोचले. हार्डिंगने रात्रभर अंधारात छिद्रे पाडीत २८ बोल्ट बसविले आणि १२ नोव्हेंबर १९५८ च्या सकाळी तो माथ्यावर गेला. आरंभापासून सोळा महिने लोटले होते.

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो त्या काळीही विचारला गेला. सुमारे सव्वाशे बोल्ट व शेकडो खुंट्या ठोकून मिळविलेला हा विजय माणसाच्या सामर्थ्याचा की हातोड्याचा? याचे उत्तर वादाने नव्हे, तर पुढील चढाईनेच मिळत गेले. १९६० साली रॉयल रॉबिन्स, टॉम फ्रॉस्ट, चक प्रॅट व जो फिचेन हे मधूनच खाली न उतरता सात दिवसांत वर पोहोचले. १९७३ साली ब्रूस कार्सन व इव्हॉन शुईनार्ड यांनी हातोडा बरोबर घेतलाच नाही. ठोकलेल्या खुंट्यांनी खडकाच्या भेगा झिजतात हे ध्यानी आल्यामुळे, हाताने बसविता व हातानेच काढता येणाऱ्या धातूच्या पाचरींवर त्यांनी काम भागविले. १९७५ साली तिघांनी हा कडा एका दिवसात सर केला. आणि १९९३ साली लिन हिल या स्त्रीने तो केवळ स्वतःच्या हातापायांनी चढून दाखविला. दोर होता तो पडल्यास सावरण्यापुरता. नाकाच्या धारेवर असे त्यापूर्वी कोणासही साधले नव्हते. पुढच्याच वर्षी तिने तशीच चढाई एका दिवसात केली.

खडक तोच राहिला. उंची एका बोटानेही कमी झाली नाही. साधने मात्र कमी होत गेली व माणसाचे सामर्थ्य वाढत गेले. म्हणून हार्डिंगचा विजय खोटा ठरतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. हा कडा चढता येतो, एवढे त्याने सिद्ध केले नसते तर पुढच्यांनी तो अधिक चांगल्या रीतीने चढण्याचा विचार तरी कशाच्या बळावर केला असता?

आम्ही शिक्षक मंडळी पुष्कळदा एक चूक करतो. परीक्षेस दुसऱ्यांदा बसणाऱ्या मुलास आम्ही मागे पडलेला समजतो आणि मार्गदर्शक पुस्तकातील उत्तर घडाघडा म्हणणाऱ्यास पुढे गेलेला समजतो. या कड्याचा इतिहास आम्हांस दोन्ही बाबतींत सुधारतो. हार्डिंग कितीतरी वेळा खाली उतरला, पण बांधलेला दोर वर तसाच राहिला होता. शिकलेले काही वाया जात नाही. तसेच, आधाराने चढण्यात कमीपणा नाही. आधाराची गरज संपल्यावरही तो न सोडण्यात आहे. पहिल्या वर्षी शब्दार्थांची वही घ्या, पुढच्या वर्षी ती मिटून वाचून पाहा.

आपल्या गावच्या कड्यांवर जाणत्या माणसावाचून व दोरावाचून कोणी जाऊ नये, हे सांगणे आमचे कर्तव्यच आहे. परंतु प्रत्येकाच्या पाटीवर एखादा कप्तानाचा कडा असतोच. कोणाचा गणिताचा, कोणाचा व्याकरणाचा. तेथे उंटअळीची चाल धरावी. ती वीतभरच चालते, पण चालतच राहते.