कंबरदुखी : औषध, शब्द आणि विश्वास

भंडारा जिल्हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. पावसाने जोर धरला आणि पऱ्हे तयार झाले की बांध्यांमध्ये रोवणीची लगबग सुरू होते. चिखलात उभे राहून, कमरेत वाकून, एकेक पाऊल मागे सरत दिवसभर रोपे लावण्याचे हे काम मुख्यतः स्त्रियाच करतात. उन्हाळ्यातील तेंदूपानांची तोडणी आणि घरी बसून विड्या वळणे ही कामेही पाठीला विसावा देणारी नाहीत. त्यामुळे कंबरदुखी हा येथील श्रमजीवी कुटुंबांच्या मजुरीशी थेट निगडित असा प्रश्न होय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता. यांपैकी जवळजवळ ९० टक्के रुग्णांत दुखण्याचे एखादे निश्चित शारीरिक कारण दाखविता येत नाही. श्रम, अपुरी झोप, काळजी अशा अनेक गोष्टी त्यात गुंतलेल्या असतात. नव्याने सुरू झालेले दुखणे बहुधा काही आठवड्यांत ओसरते. मात्र रुग्ण दवाखान्यात येतो तो सुई, सलाईन किंवा ‘फोटो’ यांची अपेक्षा मनात धरून. रांग मोठी असते, डॉक्टरांजवळ वेळ थोडा असतो आणि सुई देण्यास समजावून सांगण्यापेक्षा कमी वेळ लागतो. दोघांचेही समाधान होते. परंतु दुखणे कशामुळे वाढते, हा प्रश्न विचारावयाचा राहूनच जातो.

वैद्यकीय सल्ल्याला मिळणाऱ्या वेळेची ६७ देशांतील माहिती २०१७ साली एकत्र करण्यात आली. बांगलादेशात एका रुग्णामागे सरासरी ४८ सेकंद, तर स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे, असे हे अंतर आहे. आपली बाह्यरुग्ण रांग यांपैकी कोणत्या टोकाजवळ आहे, हे सांगण्याची गरज नाही.

प्रयोगांतून काय दिसले

या वेळेचे मोल काय, हे कॅनडातील अल्बर्टा प्रांतात झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून दिसून येते. जुनाट कंबरदुखीच्या ११७ रुग्णांचे चार गट करण्यात आले. दोन गटांना वेदनाशामक विद्युत्-उपचार देण्यात आला. उरलेल्या दोन गटांना यंत्र लावले, पण त्यात विद्युत्प्रवाह नव्हता. प्रत्येक जोडीतील एका गटाशी उपचारक जुजबी बोलून निघून गेला; दुसऱ्या गटाजवळ तो थांबला, त्याने प्रश्न विचारले, लक्षपूर्वक ऐकले आणि धीर दिला. वेदनेच्या १० अंकी मोजपट्टीवर खरा उपचार व जुजबी बोलणे या गटाची वेदना १.८३ ने उतरली. खरा उपचार व आपुलकीचे बोलणे या गटात ती ३.१३ ने उतरली. बंद यंत्र आणि आपुलकी मिळालेल्या गटातही उतार २.२२ इतका होता, म्हणजे जुजबी बोलण्यासह दिलेल्या खऱ्या उपचारापेक्षा अधिक. ही मोजणी एकाच बैठकीनंतरची असल्याने तिच्यावरून दीर्घकाळाचा निष्कर्ष काढता येणार नाही, हे खरे.

जर्मनीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या १,१६२ रुग्णांच्या अभ्यासात सहा महिन्यांनंतरचे चित्र मिळते. शास्त्रोक्त ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के रुग्णांना गुण आला. भलत्याच जागी वरवर सुया टोचलेल्या ४४.२ टक्क्यांनाही तो आला. नेहमीच्या औषध-व्यायामाच्या उपचाराने मात्र २७.४ टक्क्यांनाच गुण आला. सुई कोठे टोचली यापेक्षा रुग्णाची अपेक्षा आणि त्याला मिळालेले लक्ष यांचा वाटा मोठा असावा, असे मानण्यास येथे आधार मिळतो.

उसण भरली की पायाळू व्यक्तीचा पाय पाठीला लावून घेण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. दुखणे ओसरणारच असते, विश्वास त्याला हातभार लावतो आणि श्रेय पायाळूला मिळते. या प्रथेला हसणाऱ्या सुशिक्षितांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जुनाट कंबरदुखीसाठी कमरेचा पट्टा आणि वजने लावून ताण देणे यांची शिफारस केलेली नाही.

शब्दाने होणारा अपाय

धीराच्या शब्दाने दुखणे हलके होते, तसे भयाच्या शब्दाने ते वाढते. ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य खेड्यापाड्यांत सर्वपरिचित झाले आहे. ते ऐकलेली स्त्री वाकण्यास भिते, हालचाल कमी करते. स्नायू दुर्बळ होतात आणि दुखणे मुक्काम ठोकते. पुढे नागपूरच्या तपासण्यांसाठी कर्ज काढले जाते. वस्तुतः कोणतीही वेदना नसलेल्या लोकांच्या छायाचित्रांच्या २०१५ मधील आढाव्यात विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीतील ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधील गाद्या झिजलेल्या आढळल्या. केस पिकावेत तसाच हा बदल. तो नेमक्या याच शब्दांत रुग्णाला सांगता येतो.

अर्थात विश्वासालाही मर्यादा आहेत. लघवी-शौचावरील ताबा सुटणे, जांघेत बधिरता, पायातील शक्ती कमी होत जाणे, ताप, वजन घटणे, पडल्यानंतरचे तीव्र दुखणे ही लक्षणे असतील, तर नुसता धीर देणे घातक ठरेल. तपासणी तातडीने झालीच पाहिजे. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही आढळतो आणि त्यावरील औषधे शासकीय यंत्रणेत मोफत मिळतात. नाव-लेबल नसलेल्या पुड्यांबाबतही सावध राहावयास हवे. त्यांत कधी कधी स्टेरॉईड मिसळलेले असते. गुण झटपट येतो, रक्तातील साखर मागाहून वाढते.

उपकेंद्र पातळीवरील समुदाय आरोग्य अधिकारी आणि गावातील आशा स्वयंसेविका यांना या कामी मोठा वाव आहे. रुग्णाला बसवून काम कोणते, किती तास, दुखते केव्हा हे विचारणे, पाठीला हात लावून तपासणे आणि पुढील काही आठवड्यांत काय अपेक्षित आहे ते सांगणे, यास खर्च नाही. ग्रामपंचायतीने रोवणीपूर्वीच्या एखाद्या सभेत त्यांना अर्धा तास दिला, तर सुई न मिळताही उपचार झाला, हे लोकांना पटविता येईल. अंथरूण धरून राहण्याचा सल्ला आता दिला जात नाही, हेही तेथे सांगावे.

रोवणीवरून आलेल्या स्त्रीचा खरा प्रश्न बहुधा एवढाच असतो : उद्या बांधीत उतरू की नको? धोक्याची लक्षणे नसतील, तर दोन-चार दिवस हलके काम, मधूनमधून ताठ उभे राहून पाठ सैल करणे, मग हळूहळू पूर्ववत रोवणी, असे त्याचे उत्तर देता येते. चिठ्ठीवर औषध लिहिण्यापूर्वी ते दिलेले बरे.